तुलारामजींच्या मशीनमधला मध्यस्थ

१७ नोव्हेंबर २००४, बुधवार. पहाटे चांगलीच थंडी. आकाशकंदील उतरवून कागदात गुंडाळले. दुपारी तुलारामजी आले, चहा अर्धा ठेवून गेले. त्यांचं मशीन मुकं झालं आहे. रविवारी अड्याळची मंडई. मंडईच्या कमिटीतल्या भूषणनं शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे, नाहीतर भंडाऱ्याहून डीजे आणणार म्हणतो. चिवड्यात मीठ कमी पडलं, कोणी बोललं नाही.

माझ्या वहीतली ही नोंद खरी, पण तुलारामजी हेडाऊंनी चहा अर्धा ठेवला हे आमच्या आळीत कोणाला सांगूनही पटलं नसतं. एरवी ते बशी तिरपी करून शेवटचा थेंब पिणारे. कोष्ट्याच्या घरचे. वडिलांचा हातमाग होता, घरात दिवसभर खटखट चाले, आणि तुलारामजींनीही मागावर बसूनच मोठं व्हायचं असं ठरलेलं होतं. पण विशीत ते नागपूरच्या एका लाऊडस्पीकरवाल्याचे भोंगे वाहायला गेले आणि दोन वर्षांनी स्वतः मशीनवाले होऊन परतले. शिकवलं कोणी असं विचारलं की म्हणत, "शॉकनं. तो मास्तर एक गोष्ट दोनदा सांगत नाही."

मशीन म्हणजे त्यांचा अॅम्प्लिफायर. चाळीस वॉटचा, काचेच्या व्हॉल्व्हचा. सगळीकडे ट्रान्झिस्टरचे हलके डबे आले तरी त्यांनी हाच सांभाळला. सायकलच्या कॅरिअरवर गोधडीत गुंडाळून नेत आणि वाटेत कोणी आडवं आलं की ओरडत, "सरका गा, बाळंतीण हाय!" त्याच्या लाकडी पेटीवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं: 'आवाजाचा बादशहा, सालेकसा ते लाखांदूर'. जिल्हा फुटला, सालेकसा गोंदियाकडे गेलं, त्याला पाच वर्षं झाली, तरी ही पाटी बदलली नाही. "आवाजाले कोण्या कलेक्टरनं हद्द घातली?" असं त्यांचं उत्तर. आपला भोंगा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढवला तर बपेऱ्यापर्यंत ऐकू जातो, असंही ते शपथेवर सांगत. बपेरा जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्य प्रदेशाला लागून. मला नागपूरच्या कॉन्व्हेंटात भूगोल चांगला शिकवला होता, पण मी कधी हरकत घेतली नाही.

मशीन तापलं की बाकीचे लोक 'हॅलो, हॅलो' म्हणतात. तुलारामजी गावाच्या बातम्या देत. "जनाबाईची गाय व्याली हो, गोऱ्हा झाला. सुखरामच्या घरी जावई आला हो, तिसरा दिवस हाय, अजून गेला नाही." हे पाळीपर्यंत ऐकू गेलं की मशीन ठीक. त्यांचा उजवा कान भोंग्याशेजारी उभं राहून राहून बराच बसला होता, त्यामुळे आवाज कितीही वाढवला तरी त्यांना तो बेताचाच वाटे. पत्नी सुमित्राबाई मंडईच्या दिवशी कानात कापूस घालूनच स्वयंपाक करी.

दिवाळी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, दंडार हे नाचगाण्याचं, सोंगांचं नाटक होतं, घरोघरी पाहुणे येतात. पाहुणे येतात म्हणजे नुसते जेवायला येत नाहीत. मुलं-मुली पाहणं, सोयरिकीची पहिली गोष्ट काढणं, हे सगळं मंडईच्या निमित्तानं होतं. अड्याळच्या मंडईचा आवाज कित्येक वर्षं तुलारामजींचा. ती एक मंडई गेली असती तर त्यांच्याकडे मिक्सर आणि टेबलफॅनच उरले असते. ते मला म्हणालेही, "बाई, मंडई गेली तं मी मशीनवाला नाई राह्यलो. मिक्सरवाला झालो."

त्यांनी मशीन उघडून पाहिलं होतं. दोष साधा होता. आतला एक रेझिस्टन्स जळून कोळसा झाला होता, आणि त्या मापाचा अड्याळला नव्हता, पवनीला नव्हता. भंडाऱ्याची दुकानं दिवाळीमुळे बंद. नागपूरला निरोप धाडला होता, पण माल येईल तेव्हा येईल.

आमच्याकडे ते आले ते माझ्या वडिलांच्या पुस्तकासाठी. वडील रेल्वेच्या तारखात्यात होते. व्हॉल्व्हवरचं त्यांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याबरोबर सासरी आलं, कारण पेटीत तळाशी काहीतरी जड हवं होतं. पुढं माझ्या यजमानांना, लक्ष्मणरावांना, ते दुकानातल्या सुताच्या गठ्ठ्यांवर ठेवायला उपयोगी पडलं. वाचलं ते फक्त तुलारामजींसाठी. मी वाचून मराठीत सांगायचं, त्यांनी डोळे मिटून ऐकायचं, अशी आमची जुनी पद्धत. मात्र चांगली बातमी कानावर पडली की ते उरलेलं वाक्य न ऐकताच उठत.

गुरुवारी सकाळी आळीत गाणं ऐकू आलं. मशीन बोलत होतं! मी लगबगीनं गेले. तुलारामजी अंगणात खाटेवर बसलेले, मशीन पुढ्यात उघडं, आणि चेहरा असा की जणू त्यांनीच गाणं रचलंय.

"रेझिस्टन्स मिळाला?" मी विचारलं.

"काहीच मिळालं नाही. गाठ मारली."

"कसली गाठ?"

मग त्यांनी सांगितलं. मागावर ताण्याचा धागा तुटला आणि जोडायला सूत हाताशी नसलं, तर त्यांचे वडील तो लोंबता ठेवत नसत. शेजारच्या धाग्याला बांधून टाकत आणि विणकाम पुढं नेत. जळालेल्या रेझिस्टन्समुळे प्रत्येक मोठ्या व्हॉल्व्हमधल्या स्क्रीनची, म्हणजे आतल्या जाळीची, तार अशीच लोंबत राहिली होती. शेजारी होती प्लेटची तार. तुलारामजींनी कोष्ट्याच्या धर्माला जागून स्क्रीन प्लेटला बांधून टाकली.

"अन् बोललं ना, बाई! अन् कसं गोड बोलून राहिलं ते पाहा."

खरंच गोड होतं. भोंग्यातून नेहमी जी कर्कश धार निघे ती गेली होती. बासरी बासरीसारखी वाजत होती. सुमित्राबाई दारात उभी होती आणि तिच्या कानात कापूस नव्हता. मी हे पाहिलं, तुलारामजींनी पाहिलं नाही.

तेवढ्यात कुंपणापलीकडून जनाबाई आली. ही त्यांची शेजारीण, भूषणची आई. पदर खोचलेला.

"तुलाराम! का करून राहिला तू गा? माह्या टीव्हीवर मुंग्याच मुंग्या आल्या. सिरियलमधली सून का बोलली ते समजलंच नाई!"

"तुह्या टीव्हीचा माह्या मशीनशी का संबंध?"

"तू बटन बंद कर, पाहू."

बटण बंद केलं. जनाबाई घरात जाऊन आली. "गेल्या मुंग्या." बटण सुरू केलं. तिच्या घरातून आवाज आला, "आल्या!" असं चारदा झालं. चौथ्यांदा तुलारामजींनी मुद्दामच केलं, अशी माझी शंका आहे.

मी घरी येऊन पुस्तक काढलं. त्यात हाच प्रकार दिला होता. स्क्रीन प्लेटला जोडता येते, पुष्कळ लोक आपल्या आवडीनं जोडतात, आणि तसा जोडलेला व्हॉल्व्ह जुन्या तीन अंगांच्या व्हॉल्व्हसारखा वागतो, ज्यात स्क्रीन नसेच. पण नुसती तार बांधू नये. मध्ये शंभर ओहमचा छोटा रेझिस्टन्स घालावा, नाहीतर व्हॉल्व्ह माणसाला ऐकू न येणाऱ्या पट्टीत आपणहून गुणगुणू लागतो. जनाबाईच्या मुंग्या त्या गुणगुणण्याच्या होत्या. शिवाय स्क्रीनला प्लेटइतका दाब सोसवतो का हेही पाहून घ्यायला सांगितलं होतं. पाहिलं, तर आमचे व्हॉल्व्ह काठावर पास होत होते. तसले छोटे रेझिस्टन्स जुन्या रेडिओंतून मुठीनं निघत. दुपारपर्यंत ते बसले आणि जनाबाईची सून पुन्हा बोलू लागली.

"पण हे असं गोड काहून झालं?" तुलारामजींनी विचारलं. या वेळी ते बसून राहिले होते.

मी वाचलं तसं सांगितलं. व्हॉल्व्हच्या पोटात तापलेल्या नळीतून कण निघतात, त्यांना प्लेटपर्यंत पोचायचं असतं. वाटेत स्क्रीनची जाळी. तिला वेगळा, ठरलेला दाब दिलेला असतो, म्हणून ती कणांना सारखी ओढत राहते. प्लेटवरचा दाब घसरला तरी तिची ओढ कमी होत नाही.

तुलारामजींनी डोळे मिटले. थोड्या वेळानं म्हणाले, "म्हंजे सोयरिकीतला मधला माणूस."

"कसा?"

"आता पाहा. पोरीकडचे लोक निघाले पोराकडं. पोराचा बाप आज हसून राहिला, उद्या तोंड पाडून बसला. पण मधल्या माणसाले त्याचं का? तो आपल्या घरचं खाऊन आलेला. तो एकच धरून बसते, चला, चला, पुढं चला! लोक येतच राह्यतात. काही जण मधल्याच्याच ओसरीवर चहा पिऊन घेतात."

"बरोबर! पुस्तकात तेही आहे. थोडे कण स्क्रीनवरच थांबतात."

"थांबनारच. चहा फुकट हाय. पण आता मी त्या मधल्याले पोराच्या बापाच्या धोतराले बांधून टाकलं. बाप हसला का तो हसते. बापानं तोंड पाडलं का यानंही पाडलं. मंग पोरीकडचे लोक बापाचं तोंड पाहूनच पाय टाकतात. गोंधळ नाही, रेटारेटी नाही. म्हणून गोड."

"आणि गर्दीही कमी," मी म्हणाले. पुढचं वाक्य मला वाचायचंच होतं. "आवाजाची ताकद निम्म्याहून खाली येते. चाळीसच्या जागी पंधरा धरा."

पण ते उठले होते. गोड झालं एवढं त्यांनी ऐकलं होतं, आणि पंधरा हा आकडा त्यांच्या उजव्या कानाकडून गेला.

शुक्रवारी बाजारचौकात परीक्षा झाली. मंडईची कमिटी म्हणजे भूषण आणि त्याचे पाच मित्र. दोघं पाळीवर जाऊन उभे राहिले. तुलारामजींनी उदबत्ती लावली, व्हॉल्व्ह तापू दिले, आणि माइक हाती घेतला.

"भूषण जनाबाईचा, वय अठ्ठावीस, अजून लगन नाही हो! पोरगी असल तं सांगा हो!"

चौकात हशा पिकला. पाळीवरचे दोघे मात्र तसेच उभे. त्यांनी हात हलवून विचारलं, सुरू केलं का?

तुलारामजींनी बटण शेवटपर्यंत फिरवलं. पाळीवरचे खाली बसले. एकानं बिडी पेटवली.

"काका," भूषण म्हणाला, "हे तं कानात सांगून राहिलं."

मग भंडाऱ्याहून नमुन्याला आणलेला डीजे लागला. टेम्पोतून उतरवलेले दोन काळे डबे, कपाटाएवढे. पहिल्या ठोक्याला चौकातली कुत्री उठून पवनी रस्त्यानं चालू लागली. पाळीवरचे दोघे टुणकन उभे राहिले. जनाबाईचं घर चौकाला लागूनच. तिच्या मांडणीवरची पितळी भांडी थरथरत कडेला आली आणि एक पातेलं खाली पडलं. कमिटीनं तिथंच डीजे ठरवला.

तुलारामजी मशीन गोधडीत गुंडाळून सायकल हातात धरून घरी गेले. वाटेत कोणाला 'सरका' म्हणाले नाहीत.

शनिवारी सकाळच्या एसटीनं नागपूरहून रेझिस्टन्स आला. कंडक्टरनं तो काडेपेटीत आणून दिला. तासाभरात तुलारामजींनी गाठी तोडल्या, स्क्रीनला तिचा वेगळा दाब परत दिला, आणि अंगणातूनच बातमी सोडली, "अड्याळवाल्यांनो, बादशहा जिवंत हाय हो!" हे पाळीवरच्या धोब्यांनी ऐकलं आणि हात हलवले. आवाजात जुनी धार परत आली होती. सुमित्राबाई आत गेली आणि कापूस शोधू लागली.

तुलारामजी आधी माझ्याकडं आले. भूषणकडे पुन्हा परीक्षा मागायची, तर माझ्यासारख्या वयस्क बाईनं बरोबर चलावं, असं त्यांचं म्हणणं. मी चपला घालतच होते, तर जनाबाई भूषणला पुढं घालून माझ्या ओसरीवर हजर.

"निर्मलाबाई, तुम्हीच सांगा याले. लाखांदूरहून उद्या पाहुणे येऊन राहिले. कोणासाठी? याच्यासाठी! पोरगी मोनिका, डीएड झालेली. तिचा बाप, मामा, दोघी काकू. अन् हा घोडा माह्या ओसरीसमोर ते कपाटं लावते! मी त्यांना चहा घ्या म्हणीन तं त्याईले का दिसन? माह्यं तोंड हालताना दिसन."

"मा, कमिटीचं ठरलं ना," भूषण म्हणाला.

"कमिटीले लगन करायचं हाय का तुले? गेल्या साली कवडूच्या घरी पाहुणे आले, तेव्हाही भोंगा असाच बोंबलून राहिला होता. अर्धी गोष्ट अंगणात, अर्धी न्हाणीघरात जाऊन केली त्यायनं. न्हाणीघरात जमते का सोयरिक?" मग ती तुलारामजींकडे वळली. "तुलाराम, तुह्यं मशीन लाव. पण कालचं. आजचं नाही."

तुलारामजींना एका वाक्यात मंडई परत मिळाली होती, आणि त्याच वाक्यात त्यांची चाळीस वॉटची इज्जतही मागितली होती. ते ताठ झाले.

"कालचं काहून? आजचं पाळीपल्याड जाते. बपेऱ्याले..."

"बपेऱ्याले माह्या पोराची सोयरिक नाही!"

"मी आवाजाचा बादशहा हाव जनाबाई. कानात सांगनारा नाही. लोक म्हंतीन तुलाराम म्हातारा झाला, मशीन म्हातारं झालं."

भूषण पायातल्या जोड्यांकडे पाहत होता. मला वाटतं, काल चौकात आपणच तसं म्हटलं हे त्याला आठवत होतं. हे मी सांगून व्हायचं नव्हतं. माणसानं ज्या गोष्टीवर आपलं नाव रंगवून घेतलंय, ती दुसऱ्यानं हलवू नये.

सुमित्राबाई मागून आली होती. ती आमच्यासमोर नवऱ्याशी सहसा बोलत नसे. म्हणाली, "गुरुवारी तुम्ही गाणं लावलं होतं ना. त्यातले शब्द मले समजले."

"मंग?"

"मंग काही नाही. लगन झाल्यापासून पह्यल्यांदा समजले, म्हून सांगून राहिली."

तुलारामजींनी तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या मुठीतल्या कापसाकडं. जनाबाईनं तोंड उघडलं तर मी तिला डोळ्यानं थांबवलं.

"डाख द्यायचा कय्या तापत ठेव," ते शेवटी बायकोला म्हणाले. "गाठी माराच्या हायेत." आणि भूषणला, "तू ये संगं. बाईनं सांगितलेल्या पंधरा वॉटवर मंडई करायची तं भोंगे जवळजवळ लावा लागतीन. दोनाचे पाच कर. तार ओढशील का, का नुसतीच कमिटी हाय?"

भूषणनं संध्याकाळपर्यंत तार ओढली. असं राबताना त्याला जनाबाईनंही पाहिलं नव्हतं. पाच भोंगे चौकभर बांधले. आपल्या घराकडे तोंड असलेला भोंगा त्यानं गुपचूप तलावाकडे वळवला, तेव्हा त्या बाजूची दंडार फक्त बगळ्यांनी ऐकली असणार.

रविवारी दुपारी लाखांदूरचे पाहुणे एसटीतून उतरले. मलाही जनाबाईनं ओसरीवर बोलावून घेतलं होतं, पाहुण्यांसमोर इंग्रजीत एखादं वाक्य बोलावं म्हणून. मी बोलले नाही, तशी वेळ आली नाही. समोर चौकात मंडई भरलेली, दंडारीतला सोंगाड्या बोलत होता आणि त्याचे विनोद आम्हाला शब्दन्‌शब्द कळत होते. तरी एकमेकांशी बोलायला आवाज चढवावा लागत नव्हता. मोनिकाचा मामा तर एका विनोदावर हसला आणि लगेच भूषणच्या शेताची चौकशी करायला वळला.

मोनिकाच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या मंडईचा आवाज इतका बेताचा कसा?"

"पाहुण्यांसाठी ठेवला," भूषण म्हणाला. "कमिटीचा निर्णय."

चौकात, ओसरीपासून चार पावलांवर, मशीनजवळ तुलारामजी उभे होते. हे त्यांनी डाव्या कानानं ऐकलं. माइक त्यांच्या हातात होता, मांडवात सोंगाड्या कपडे बदलायला गेला होता, आणि मी जनाबाईकडे पाहिलं तर तिचा चेहरा पांढरा पडलेला. अठ्ठावीस वर्षं, अजून लगन नाही, हे आता पाच भोंग्यांतून येणार असं आम्हा दोघींनाही वाटलं.

"लाखांदूरच्या पाहुण्यांचं अड्याळच्या मंडईत स्वागत हाय हो," तुलारामजी म्हणाले. "तार ओढणारा पोरगा मेहनती हाय हो." आणि माइक ठेवून दिला.

पाहुणे निघताना मुलीच्या बापानं गुरुवारी पोरगी पाहायला या म्हटलं. भूषणनं त्यांना एसटीपर्यंत पोचवलं, आणि परत येताना सरळ तुलारामजींकडे जाऊन, मित्रांना न विचारताच, पुढच्या सालची मंडई तुमचीच असं सांगून टाकलं. तुलारामजींनी मान हलवली आणि म्हणाले, "मशीन हेच राहीन. पण त्याले एक बटन बसवून घेतो. मंडईले इकडं दाबलं का स्क्रीन प्लेटसंगं. निवडणुकीले तिकडं दाबलं का तिचं तिचं. मंग पाहा बपेऱ्यापर्यंत." सुमित्राबाई मशीनवर गोधडी घालत होती. ती म्हणाली, "ते बटन कोण्या बाजूले हाय ते मले सांगून ठेवा."

मी घरी आले तेव्हा दिवेलागण होत होती. त्या संध्याकाळच्या नोंदीत शेवटी लिहिलं आहे: रात्री मुगाची खिचडी आणि तळलेली सांडगी मिरची. गॅसचं सिलिंडर संपलं, नवीन लावलं.